आंजर्ले वर गेला की

चाचांनी उभ्या आयुष्यात बेसबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याविषयी मी बोलू लागलो की ऐकणाऱ्याला वाटतं, बहारीनमध्ये राहून अमेरिकेतल्या खेळाचं वेड लागलेला, रात्ररात्र जागून टीव्हीसमोर बसणारा कुणी म्हातारा असणार. चाचा साडेनऊला झोपत. मॅच कधी सुरू होते, किती वेळ चालते, कोण जिंकतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना एका संघाच्या यादीत रस होता. कुणाला वर बोलावलं, कुणाला खाली पाठवलं, कुणाच्या बदल्यात कोण आला, कुणाला घरी जायला सांगितलं. तेवढंच ते वाचत, आणि तीसेक वर्षं वाचत आले होते.

"मॅच काय, मॅच संपते," ते म्हणत. "यादी संपत नाय."

आमची कंपनी एअर कंडिशनर बसवते आणि सांभाळते. सीफमधले टॉवर, हूऱ्यातली हॉटेलं, बुदैया रस्त्यावरचे बंगले. टेक्निशियन सत्तर. त्यांतला कोण आज कुठे जाणार, कुणाबरोबर जाणार, हे चाचा ठरवत. हुद्दा टाइमकीपरचा होता. मी पुण्याहून आलो तो करारपत्रं आणि अहवाल लिहायला, आणि मला त्यांच्या समोरचं टेबल मिळालं. पहिल्या सकाळी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"उंची?"

"काय?"

"उंची रे, उंची. किती?"

"पाच सात."

"वजन?"

"एकोणसाठ."

"जन्म कुठला?"

"पुणे."

"डावा की उजवा?"

"लिहितो डाव्या हाताने," मी म्हणालो. "बाकी उजवा."

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "असे कमी असतात," ते म्हणाले. "बस."

त्या क्षणापासून मी 'पुणेकर' झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, कारण हजेरीपत्रकावर ते तेच लिहीत. पण हाक मारताना कधीही नाही.

ते रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठच्या एका गावचे. बहारीनला आले तेव्हा पंचविशीत होते आणि जुफेरमध्ये एका शिवणकामाच्या दुकानात लागले. तिथे अमेरिकन आरमारातली माणसं गणवेश दुरुस्त करून घ्यायला येत. असाच एक खलाशी पँट टाकून गेला आणि परत आलाच नाही. पँटबरोबरच्या पिशवीत एक जाडजूड पुस्तक होतं. त्या वर्षीच्या बेसबॉल खेळाडूंची सूची. नाव, उंची, वजन, जन्मगाव, डावा की उजवा, आणि कोणत्या वर्षी कुठे होता. दुकानमालकाने वर्षभर वाट पाहून पँट विकली. पुस्तक चाचांनी ठेवून घेतलं आणि त्यावरून इंग्रजी शिकले.

"त्या पुस्तकात खेळ कुठेच नव्हता," ते मला म्हणाले होते. "माणसं होती. हा इथून आला, दोन वर्षं इकडे, एक वर्ष तिकडे, मग खलास, पुढे नाव नाय. मी म्हटलं, हे तर आपलंच चाललंय."

त्यांनी जो संघ धरला तो का धरला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा पुस्तक उघडल्यावर जे पान आलं ते. संघ फारसा जिंकत नाही. मी त्याचं नाव लिहीत नाही, कारण चाचाही घेत नसत. ते 'आपली माणसं' म्हणत. आमच्याकडचा सावंत नावाचा ठाण्याचा इंजिनिअर त्यांना मुद्दाम डिवचायचा.

"चाचा, तुमची माणसं कालही हरली म्हणे. ओळीने नऊ."

"हरू देत."

"अहो, मग फायदा काय?"

"जिंकणाऱ्यांची यादी तीच ती असते, सावंता. वाचायला मजा हरणाऱ्यांचीच. रोज काहीतरी करून बघत असतात बिचारे."

मला खेळ मुळीच ठाऊक नव्हता. चाचांनी तो मला एका चहाच्या वेळेत समजावला, आणि त्यातही चेंडू-दांडूचा उल्लेख आला नाही. वरच्या संघात सव्वीस जागा. त्याखाली त्याच मालकाचे छोटे संघ, चार पायऱ्यांवर. सोळा-सतरा वर्षांची पोरं तळाच्या पायरीवर येतात. बहुतेक तिथेच राहतात, काही एक चढतात, काही दोन. अगदी थोडे वर पोचतात, आणि पोचलेलेही आठवड्यात परत खाली येतात. सकाळी वर, दुपारी खाली, असंही होतं. सामान अर्धवट उघडलेलं, तेवढ्यात फोन.

"आणि सव्वीस म्हणजे सव्वीस," त्यांनी बोट उभं केलं. "सत्तावीस नाय. एक वर आला की कुणीतरी एक हलतो. खाली जातो, दुखापतीच्या यादीत जातो, दुसऱ्या गावाला जातो, नायतर घरी जातो. म्हणून यादी वाचताना खाली गेलेल्याचं नाव आधी वाचायचं. वर गेलेल्याला मुबारक म्हणायला लोक असतात."

हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी स्वतःला कधीही शिथिल केला नाही. सकाळी सातला, टेक्निशियन गाड्यांत बसून गेले की, चहा घेऊन ते यादी उघडत. अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची मध्यरात्र असायची, दिवसभराचे निर्णय लागून गेलेले असायचे. आधी खाली गेलेल्यांची नावं. प्रत्येक नावावर क्षणभर थांबत. मग वर गेलेल्यांची. मग शेजारच्या कपाटावर लावलेल्या एका मोठ्या कागदावर पेन्सिलीने नावं खोडून इकडची तिकडे करत.

ती नावं मात्र निराळीच होती. संघात निम्मी पोरं कॅरिबियन बेटांवरची, स्पॅनिश बोलणारी. ती लांबलचक नावं चाचांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी प्रत्येकाला कोकणातलं एकेक गाव दिलं होतं. अंगाने भरलेला, सावकाश हलणारा देवरुख होता. कधीच न चुकणारा, कधीच न चमकणारा पावस होता. सारखा भांडणात सापडणारा होता हर्णै, कारण तिथल्या मासळीच्या लिलावात म्हणे असंच चालतं. मी एकदा विचारलं की गावंच का, माणसांची नावं का नाहीत. ते म्हणाले, "माणसाचं नाव दिलं की तो माणूस आठवत राहतो. गावाचं दिलं की रस्ता आठवतो."

आणि आंजर्ले. आंजर्ले नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या यादीत तळाशी आला, सोळा वर्षांचा. चेंडू फेकणारा. उंची सहा दोन, वजन अगदीच बेताचं. तो आला तेव्हा त्याच्याबद्दल कुठेही एक ओळ छापलेली नव्हती. चाचांनी त्याला आंजर्ले म्हटलं, कारण त्यांच्या लहानपणी त्या गावाला खाडी ओलांडून होडीतून जावं लागे. "इकडून बघितलंस तर काय दिसत नाय," ते म्हणाले. "पलीकडे गेल्यावर कळतं."

तो वर पोचणार, हे त्यांनी त्या पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. कशावरून, हे विचारलं की ते त्याचे आकडे सांगत नसत. ते सांगत की हा मुलगा एका वेळी एकच पायरी चढतो आणि चढला की पहिले दोन महिने वाईट खेळतो. "म्हणजे नवीन जागी घाबरतो, पण पळत नाय." सहाव्या वर्षी त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं, वर्ष वाया गेलं. चाचांनी त्या वर्षी त्याचं नाव कागदावरून खोडलं नाही, फक्त थोडं बाजूला सरकवून मोकळ्या जागेत लिहिलं. परत आला तो थेट वरून दुसऱ्या पायरीवर. गेली दोन वर्षं तो वरच्या संघाच्या अगदी खाली होता. एक पाऊल.

मला आश्चर्य वाटायचं ते याचं की त्यांची भाकितं खरी ठरायची. हर्णैला जूनमध्ये दुसऱ्या शहराला देऊन टाकतील, असं ते मार्चमध्ये म्हणाले होते, आणि दिलं. सीफमधल्या एका टॉवरमध्ये सल्लागार म्हणून आलेला एक अमेरिकन गृहस्थ तक्रार घेऊन आमच्या ऑफिसात आला होता. त्याने कपाटावरचा कागद पाहिला, संघाचं चिन्ह ओळखलं, आणि तक्रार विसरून चाचांच्या समोर बसला. अर्धा तास दोघं बोलत होते. चाचांची इंग्रजी म्हणजे त्या पुस्तकाची इंग्रजी, क्रियापदं जवळजवळ नाहीतच, पण त्या माणसाचे डोळे विस्फारत चालले होते. शेवटी तो म्हणाला की गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्या त्या पोराला प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय, आणि फोनमध्ये चित्रफीत शोधू लागला. आंजर्ले चेंडू फेकतानाची. सापडली तशी त्याने ती चाचांच्या समोर धरली.

चाचांनी हात पुढे करून पडदा झाकला. सभ्यपणे, पाहुण्याने जास्तीचा भात नको म्हणावं तसं.

"नो, थँक यू," ते म्हणाले. तो गेल्यावर मला म्हणाले, "माझ्या डोक्यात तो एका तऱ्हेनं टाकतो. नऊ वर्षं टाकतोय. आता कशाला बदलू?"

हे सगळं लिहिताना मला भीती वाटते की वाचणाऱ्याला ते नुसते विक्षिप्त वाटतील. म्हणून त्यांच्या दुसऱ्या यादीबद्दल सांगायला हवं, सत्तर टेक्निशियनांच्या. ती ते रोज दुपारी करत आणि तिच्यात मला कधी चूक सापडली नाही. रजेवरून परत आलेल्या माणसाला ते पहिला आठवडा कधीही गच्चीवर पाठवत नसत. तळघरातल्या मशीनरूममध्येच ठेवत, जोडीला कुणी जुना माणूस. "घरून आलेला माणूस आठवडाभर निम्मा तिथेच असतो," ते म्हणत. "उंचीवर निम्मा माणूस चढवायचा नसतो." मॅनेजरने एकदा याला हरकत घेतली. चाचांनी फक्त मागच्या वर्षांतल्या तीन अपघातांच्या तारखा आणि त्या तिघांच्या परतण्याच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या. परत हरकत आली नाही.

सीफच्या टॉवरवरून कुणाला काढून बुदैयाच्या बंगल्यांवर टाकायचं असेल, तर ते त्याला आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगत. टॉवरवर लिफ्ट, कँटीन, सावली. बंगल्यांवर दिवसभर गाडी आणि ऊन. माणसाला ते खाली जाणंच वाटतं. कागदावर वाचून त्याला कळू नये, एवढ्यासाठी साठीचा हा माणूस कामगार राहायचे त्या कॅम्पचे तीन जिने चढायचा.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधुमेहाने बारीक अक्षर दिसेनासं झालं. टेक्निशियनांची यादी ते तोंडी सांगू लागले आणि मी लिहू लागलो. अमेरिकेची यादी मी वाचून दाखवू लागलो. खालच्यांपासून. मी फार वाचणारा माणूस आहे, पण आयुष्यात मी कुणासाठी इतकं मन लावून मोठ्याने वाचलेलं नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये कॅम्पच्या दुसऱ्या जिन्यावर ते बसले आणि उठेनात. चार दिवस इस्पितळात होते. हृदय एक तृतीयांश चालतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन झेपणार नाही. घरी जा, माणसांत राहा. चाचा पाचव्या दिवशी सकाळी सातला टेबलावर हजर.

"वाच," ते म्हणाले. "चार दिवस राहिले हायेत."

त्याच संध्याकाळी मला त्यांच्या मुलीचा फोन आला. नाझनीन, गावच्या शाळेत शिक्षिका. मी तिच्याशी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

"भाऊ, माफ करा, तुमचा नंबर अब्बांच्या ऑफिसातून घेतला. रिपोर्ट मी इथल्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणतात, काही महिने. फार तर वर्ष. चौतीस वर्षं आम्ही त्यांना दोन-दोन वर्षांनी महिनाभर बघतोय. अम्मी काही बोलत नाही, पण रोज दार उघडं ठेवून बसते. हे जे काही महिने आहेत ते तरी आमच्या वाट्याला येऊ देत. तुम्ही त्यांच्यासमोर बसता. काहीही करा, पण पाठवा."

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जातो ना. आंजर्ले वर गेला की जातो."

"चाचा, तो कधी जाईल याचा भरवसा नाही."

"इंशाल्ला, या मोसमात जाईल. जागा होतेय."

मी मॅनेजरला गाठलं. तो भला माणूस होता, म्हणाला, मी त्यांना काढणार नाही, ते म्हणतील तेव्हा सन्मानाने पाठवू. सावंतने चेष्टा करून पाहिली, मग हात जोडून पाहिले. उत्तर एकच. नाझनीन रोज फोन करायची आणि मी तिला सांगू शकत नव्हतो की तुझे वडील कुणाची वाट बघत अडकले आहेत. घरच्यांना या खेळाचा पत्ताही नव्हता. चौतीस वर्षांत त्यांनी घरी त्याचा एक शब्द काढला नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर त्यांचे पाय सुजले. चप्पल चढेना, तेव्हा ते अनवाणी टेबलाशी बसून राहू लागले. त्या आठवड्यात एका सकाळी मी यादी उघडली. त्या दिवशी त्यांच्या संघाची काहीच हालचाल नव्हती. कोरं पान. मी त्या पानाकडे पाहिलं, त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणालो,

"चाचा, आंजर्ले वर गेला."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. चेहऱ्यावर असं काही उमटलं की मला वाटलं, झालं, आता तिकीट काढायचं. ओठ हलले, बहुधा अल्लाचे आभार मानले असतील. मग माझ्याकडे मान वळवली.

"कुणाच्या जागी?"

मी कोऱ्या पानावर बोट फिरवलं.

"खाली कोण गेला, पुणेकर? आधी ते वाचायचं असतं."

त्यांच्याकडून हजार वेळा ऐकलेला नियम, आणि मी विसरलो होतो. एक वर नेला होता, कुणालाच हलवलं नव्हतं. घाईघाईने मी तोंडाला आलं ते नाव घेतलं.

"पावस. दुखापतीत गेला."

"पावस परवाच दुखापतीत गेला. तूच वाचलंस. त्याच्या जागी देवरुख आला. तेही तूच वाचलंस."

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती, आणि मला ते परवडलं असतं.

"खोटं बोलायलासुद्धा सव्वीस मोजावे लागतात, मेल्या," ते हळूच म्हणाले. "नाझनीनचा फोन आला असेल."

"रोज येतो."

"हं." बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत राहिले, जो त्यांना आता दिसतही नव्हता. "तुला अहवालात एक स्वल्पविराम चुकला तर दोन दिवस जेवण जात नाय. तू खोटं बोललास म्हणजे माझं प्रकरण फारच पुढे गेलेलं हाय."

मी माफी मागितली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली. मग मला जे कधीच कुणी सांगितलं नसतं ते त्यांनी सांगितलं. आवाज अगदी साधा, कामाचं बोलावं तसा.

"आंजर्ले जाईल तेव्हा जाईल रे. तसं काय नाय. इथे सकाळी सत्तर माणसं येऊन विचारतात, चाचा, आज ड्यूटी कुठे. मी सांगतो, ते जातात. घरी गेल्यावर मी कुणाला विचारू, माझी ड्यूटी कुठे? ते घर त्यांनी माझ्याशिवाय लावलेलं हाय. नीट लावलेलं हाय. त्यात मी कुणाच्या जागी जाऊ?"

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यांतलं एकही वाक्य त्या वेळी माझ्या कामाला आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मला माहीत नाही, चाचा. पण अम्मी रोज दार उघडं ठेवून बसतात, असं नाझनीन म्हणाली."

ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. चहा गार झाला. मग म्हणाले, "कागद घे. मोठा घे. लिही."

पुढचे नऊ दिवस ते सांगत होते आणि मी लिहीत होतो. नवीन टाइमकीपर येणार होता, त्याच्यासाठी. सत्तर माणसं. समोर एकही कागद नाही. प्रत्येकावर दोन-तीन ओळी, हिंदीत, कारण वाचणारा कोण येईल हे माहीत नव्हतं. एकाबद्दल: उंचीला भितो पण सांगत नाही, चढायच्या आधी दोनदा पाणी पितो, तेव्हा समजून घ्यावं. एकाबद्दल: याची जोडी सख्ख्या भावाबरोबर लावू नये, दोघंही एकमेकांचं काम करायला जातात आणि दोघांचंही राहतं. एकाबद्दल: याची बायको मार्चमध्ये गेली, मार्चमध्ये याला एकट्याने काम देऊ नये, गाणी म्हणणाऱ्याबरोबर द्यावं. एकाबद्दल फक्त एवढंच: कमी बोलतो, दोन वर्षांत फोरमन होईल, घाई करू नये.

एकसष्टाव्या माणसाशी मी थांबलो. हात दुखत होता म्हणून नव्हे. माझ्या लक्षात आलं की मी या लोकांबरोबर सहा वर्षं एकाच आवारात राहिलो आणि मला त्यांतल्या दहांची नावं येत होती.

"थांबलास का?" चाचा म्हणाले. "यल्ला, चल. नऊ राहिले."

सप्टेंबरमध्ये त्यांना निरोप द्यायला कॅम्पमधली जवळजवळ सगळी माणसं विमानतळावर आली होती. मॅनेजरने सकाळची शिफ्ट दोन तास उशिरा लावली, अशी परवानगी मी तिथे कधी पाहिली नव्हती. चाचा चाकाच्या खुर्चीत होते आणि ओशाळल्यासारखे दिसत होते. मी वाकलो तेव्हा त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली.

"मला यादी पाठवू नकोस, पुणेकर."

"एखादी मोठी बातमी असली तर?"

"तरी नको. दोन याद्यांत माणूस नसतो."

मी पाठवली नाही. वाचत मात्र राहिलो, रोज सातला, खाली गेलेल्यांपासून. कुणीतरी वाचायला हवी असं मला वाटत होतं. थंडीत तिकडे मॅच नसतात, पण माणसं हलवणं चालूच असतं. पावसला नारळ मिळाला. देवरुख दुसऱ्या शहराला गेला. आंजर्ले नवीन मोसम सुरू झाल्यावरही त्याच पायरीवर होता. आता पंचविशीला आलाय. अशा वयाच्या पोरांचं नाव होतकरूंमध्ये घेणं लोक सोडून देतात.

मे महिन्यात नाझनीनचा फोन आला. पहाटे, झोपेतच, ती म्हणाली. त्रास झाला नाही. दफनही झालं होतं. मी जे बोलायचं असतं ते बोललो, आणि मग फोन ठेववेना. जे विचारायची मला आठ महिने भीती वाटत होती ते विचारलं.

"कसे गेले त्यांचे हे महिने?"

"सुरुवातीला वाईटच," ती म्हणाली. तिने लपवलं नाही. "अम्मी त्यांना पाहुण्यासारखं वागवायची हो. तिला दुसरं माहीतच नव्हतं. ते आले की महिनाभरासाठी, मग परत. त्यामुळे चांगला कप, नवी चादर, रोज मच्छी. त्यांनी ताट उचललं तर हातातून काढून घ्यायची. आणि ते ओटीवर बसून राहायचे, कुठे हात लावू की नको, असे. दोघं एकमेकांशी इतकं अदबीनं बोलायची की मला रडू यायचं. मला वाटायचं, आपण यांना ओढून आणलं, चुकलंच."

"मग?"

"रमजानच्या आधीची गोष्ट. मी शाळेतून आले तर घरातून अम्मीचा आवाज. ओरडत होती. 'परत ओला टॉवेल पलंगावर टाकलान या माणसानं! दहा वेळा सांगितलंय, दांडीवर टाक, दांडीवर टाक!' मी घाबरले. म्हटलं, त्यांची तब्येत ही अशी आणि ही काय करतेय. धावत आत गेले, तर अब्बा पलंगापाशी उभे. टॉवेल हातात. आणि चेहरा असा, भाऊ, की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, 'ऐकलास? माझ्यावर ओरडली.'"

मी थांबलो. ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

"त्यानंतर रोज टाकायचे पलंगावर," ती म्हणाली. "मुद्दाम."